काचेची तार आणि अण्णाचे डोळे

माझा थोरला भाऊ फायबरच्या केबली जोडायचं काम करायचा. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. वडील आम्ही लहान असतानाच गेले आणि निपाणीतल्या दोन खोल्यांत आईनं विड्या वळत आम्हाला वाढवलं. अण्णा आयटीआय करून एका कंत्राटदाराकडं लागला. त्याच्या पगारावर मी बेळगावात हॉस्टेलला राहून फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले. नोकरी काही लागली नाही. घरीच शिकवण्या घेत होते, त्या टाळेबंदीत बंद पडल्या. अण्णाचं काम मात्र त्याच दिवसांत वाढलं. शाळा मोबाईलवर, हापीस मोबाईलवर. सांबऱ्यापासून निपाणीपर्यंत ज्याला त्याला इंटरनेट पाहिजे होतं. अण्णाचा जोडीदार गावी गेला तो परत आलाच नाही. एका सकाळी अण्णा म्हणाला, "चल गं माझ्याबरोबर. तुझं ते फिजिक्स फळीवर ठेवून वाळवी लागायची."

पहिल्या दिवशी महामार्गाच्या कडेला खड्ड्याशेजारी बसून त्यानं माझ्या तळहातावर एक तार ठेवली. वरचं रंगीत आवरण त्यानं सोलून काढलं होतं. उरली होती ती केसाएवढी काच. वजन असं काही नव्हतंच. तिरकी धरली की चमकायची, सरळ धरली की दिसेनाशी व्हायची.

"ह्यातनं उजेड जातो," तो म्हणाला. "तार वाकली तरी उजेड बाहेर येत न्हाय. का ते तू सांग, तू शिकलीयास."

मी त्याला आमच्या विहिरीची आठवण करून दिली. गावाबाहेरच्या त्या विहिरीत आमच्या आजोबांना उतरू देत नव्हते. आम्ही दोघं मात्र तिच्यात उड्या मारत मोठे झालो; अण्णानंच मला तिथं पोहायला शिकवलं. पाण्याखाली श्वास कोंडून सरळ वर बघितलं की आभाळ दिसायचं. पण तिरकं बघितलं की आभाळ नाहीसं व्हायचं आणि पाण्याची पाठ आरशासारखी होऊन विहिरीचे खालचे दगडच तिच्यात दिसायचे. पाण्यातून हवेत जाणारा प्रकाश फार तिरका आला तर त्याला बाहेर पडता येत नाही, तो सगळाच्या सगळा पाण्यात परत फिरतो. पुस्तकात याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. फायबरमध्ये पाण्याच्या जागी काचेचा गाभा असतो आणि हवेच्या जागी त्याच्याभोवती दुसऱ्या, जराशा विरळ काचेचा थर. गाभ्यात शिरलेला प्रकाश कडेला तिरका आपटतो, आत परततो, पलीकडच्या कडेला आपटतो, पुन्हा परततो. असं करत तो तारेबरोबर वळतो आणि मैलोगणती जातो.

"व्हय," अण्णा म्हणाला. "आन् तार लई मोडून वाकवली की मग बाहेर सांडतो. त्ये आमाला पुस्तकात बघाय लागत न्हाय."

मग त्यानं मला काम शिकवलं. तार सोलायची, स्पिरिटच्या कापसानं पुसायची, हिऱ्याच्या पात्याच्या कटरनं टोक अगदी सरळ तोडायचं. दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीन त्यांना पडद्यावर मोठं करून दाखवतं, जुळवतं आणि मधे ठिणगी पाडून वितळवून एक करतं. सांधा कसा झाला ते आकड्यात येतं. किती प्रकाश वाया जातो, म्हणजे लॉस, त्याचा तो आकडा. अण्णाचा आकडा कायम शून्याला चिकटलेला असायचा. तोडलेले काचेचे तुकडे तो काळ्या चिकटपट्टीवर गोळा करायचा. एखादा तुकडा बोटात गेला तर सापडत नाही, म्हणून काम चाललेल्या जागी कुणाला डबासुद्धा उघडू द्यायचा नाही.

आणखी एका गोष्टीचा त्याला फार धाक होता. चालू तारेच्या टोकात कधीही बघायचं नाही. "त्यातला उजेड डोळ्याला दिसत न्हाय गं. तुला वाटंल बंदच हाय. डोळा भाजून निघंल तरी कळायचं न्हाय." तो प्रकाश तांबड्याच्या पलीकडचा असतो. माणसाच्या डोळ्याला तो नसल्यासारखाच. सगळ्या गावाचे फोन, सिनेमे, पोरांच्या शाळा त्या प्रकाशावर चालतात आणि तो कुणीच पाहिलेला नाही, हे ऐकून आईला पटायचंच नाही. ती म्हणायची, "दिसत न्हाय त्याला उजेड कशाला म्हणायचं?"

केबलीत बारा तारा असल्या तर बाराही वेगळ्या रंगाच्या असतात. निळा, नारिंगी, हिरवा, चॉकलेटी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. सगळीकडं हाच क्रम. निळ्याला निळा जोडायचा, आकाशीला आकाशी. अदलाबदल झाली की एकाचं दुकान दुसऱ्याच्या नावावर चालू.

मी कामावर जायला लागले तेव्हापासून एक गोष्ट दिसत होती. ऊन उतरलं की अण्णा गाडीची किल्ली माझ्याकडं द्यायचा. पाठ धरलीय म्हणायचा. घरात शिरताना दारातल्या पाण्याच्या पिंपाला त्याचा गुडघा रोज लागायचा. आई चहाचा कप बाजूला ठेवायची आणि त्याच्या कोपरानं तो सांडायचा. "ध्यान कुठं असतंय रं तुझं?" आई म्हणायची. तो हसायचा. संध्याकाळच्या लग्नाला, बारशाला, बुद्धजयंतीच्या मिरवणुकीला जायचं त्यानं कधीच बंद केलं होतं. आम्हाला वाटायचं, त्याला माणसांचा कंटाळा आहे.

मग तवंदीच्या घाटातली ती संध्याकाळ. महामार्ग रुंद करायचं काम चालू होतं आणि खोदाईच्या मशीनखाली आमची केबल आली. अर्धी निपाणी बंद. कुठं तुटली ते शोधायला एक यंत्र असतं. ते तारेत प्रकाशाचा एक ठोका सोडतं. जाताना वाटेतल्या काचेच्या कणाकणावरून त्यातला थोडा थोडा परत येतो. जिथून पुढचं परत येणं थांबतं, तिथं तार तुटलेली. जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं, कारण काचेत प्रकाश किती वेगानं जातो ते ठरलेलं आहे. अण्णानं यंत्र लावलं, अंतर वाचलं आणि घाटाच्या दुसऱ्या वळणाला बरोबर त्या जागी आम्हाला नेलं. मातीतून केबलीचं चेंदलेलं टोक वर आलं होतं.

सांधायला बसेपर्यंत दिवस कलला. डोंगराच्या सावलीत खड्डा आधीच काळवंडला होता. अण्णानं एक तार चिमटीत धरली आणि विचारलं, "हा निळा हाय का जांभळा?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेतोय. "निळा," मी म्हटलं.

"आन् हा? राखाडी न्हवं?"

"पांढरा हाय अण्णा."

त्यानं ती तार डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मान वळवून बघितली. मी मोबाईलची बॅटरी लावली. तरी त्याची चिमूट रंगांवरून नुसतीच फिरत राहिली.

"अण्णा, तुला दिसत न्हाय व्हय?"

तो स्पिरिटच्या कापसानं बोटं पुसत बसला. मग म्हणाला, "तू रंग सांग. मी जोडतो." तसंच केलं. मी एकेक रंग त्याच्या बोटात दिला. पुढचं त्याचे हात आणि मशीनचा उजळ पडदा करत होते. बाराही तारा लागल्या, निपाणी चालू झाली, कंत्राटदाराचा फोन आला, शाबासकी मिळाली.

घरी येताना गाडी मी चालवत होते. मागं बसलेला अण्णा माझ्या कानाशी बोलत होता. शाळेत असल्यापासून त्याला अंधारात दिसत नव्हतं. "मला वाटायचं, कुणालाच दिसत न्हाय," तो म्हणाला. "म्हणून तर त्याला अंधार म्हणत्यात, असं वाटायचं. मग कधीतरी ध्यानात आलं, बाकीची माणसं चालत्यात की नीट." आणि आता दोन वर्षं दिवसासुद्धा कडेचं काही दिसेनासं झालं होतं. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. त्यानं ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

आम्ही तिघं बेळगावला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या. कन्नडमधून सुरू करायच्या आणि आईकडं बघून मराठीवर यायच्या. त्यांनी थेंब घातले, भिंगातून आत पाहिलं, मग अण्णाला एका खोलीत मशीनपुढं बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि आजूबाजूला कुठंही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभी होते. ठिपके चमकत होते, मला लांबून दिसत होते. बटणाचा आवाज येत नव्हता. मधेच एखादा यायचा, मग पुन्हा शांत.

डॉक्टरांनी रोगाचं इंग्रजी नाव सांगितलं, मग सोपं करून सांगितलं. डोळ्याच्या मागं पडदा असतो. त्यात उजेड टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. एक जात कमी उजेडात आणि कडेचं बघण्यासाठी, दुसरी भर उजेडात आणि रंगांसाठी. अण्णाच्या पहिल्या जातीच्या पेशी मरत चालल्या होत्या, कडेपासून मध्याकडं. त्या बहुतेक संपल्या होत्या. आता दुसऱ्या जातीलाही लागलं होतं.

अण्णानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे लाईन चांगली हाय. उजेड आत पोचतोय. पलीकडं त्यो धरायचा डबा खराब झालाय."

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या.

"मग डबा बदलायचा की."

डॉक्टर बाईंनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. "तेवढं अजून आमच्या हातात नाही," त्या म्हणाल्या.

आईनं विचारलं, "बाई, त्या तारंतल्या लाईटनं गेलं का हो डोळं?" डॉक्टर नाही म्हणाल्या. हे जन्मापासूनचं आहे, रक्तातलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचं लग्न नात्यात झालं का?" आई माझ्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडं ही रीतच आहे, चांगली मानलेली. नात्यात लग्न झालं की असला दोष दोन्हीकडून पोरात उतरायची शक्यता वाढते, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता त्यांचा. आईनं पदर तोंडाशी धरला.

पाठच्या भावंडातही हे असू शकतं, म्हणून त्याच दुपारी मलाही त्या मशीनपुढं बसवलं. हनुवटी टेकवली, नजर दिव्यावर ठेवली. ठिपके यायला लागले. वर, खाली, कानाकडं, नाकाकडं. मी बटण दाबत गेले. दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या अण्णाला माझं बटण ऐकू जात होतं. बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, "लई वाजलं की गं." त्याला आनंद झाला होता, खरंच झाला होता. तरी मला त्याच्याकडं बघवलं नाही.

बसमध्ये आई खिडकीपाशी बसली होती. हत्तरगीचा टोलनाका गेल्यावर ती एकदम म्हणाली, "दोघं बी माझीच लेकरं. एकाला दिलं आन् एकाला न्हाय, ह्ये कुणी ठरवलं?" 

त्या उन्हाळ्यात अण्णाचं लग्न व्हायचं होतं. संकेश्वरची मुलगी होती, सुपारी फुटलेली. दवाखान्यातून आल्यावर आठवड्याच्या आत तो मला घेऊन संकेश्वरला गेला. सोप्यात बसला आणि मुलीच्या वडिलांना म्हणाला, "मला दिसायचं बंद होणार हाय. दुसऱ्याकडनं कळण्यापरास मीच सांगाय आलोय." ते गृहस्थ मग म्हणाले, "आधी चहा घ्या." चहा मुलगी घेऊन आली. ट्रे तिनं खाली ठेवला आणि एक कप उचलून सरळ अण्णाच्या दोन्ही हातांत दिला, तो नीट धरेपर्यंत सोडला नाही. आम्ही निघालो. स्टँडवर बसची वाट बघताना अण्णा म्हणाला, "तिनं कप हातात दिला गं." त्या घराबद्दल तो एवढंच बोलला. पुढच्या वर्षी तिचं दुसरीकडं लग्न झाल्याचं कळलं.

काम चालू राहिलं. मी रंग सांगायची, तो जोडायचा. ऊन असेपर्यंत निभावायचं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, केबलीच्या लाईटनं पोराचे डोळे खाल्ले. अण्णा त्यांना खोडून काढायचा नाही. एकदा मला म्हणाला, "तसं झालं असतं तर बरं झालं असतं. कामानं गेलं, असं तरी म्हणता आलं असतं."

उचगावला एका चेंबरचं झाकण काढून आम्ही काम करत होतो. चेंबर म्हणजे केबल ठेवायची जमिनीतली टाकी. काम संपलं, मी सामान गाडीला बांधत होते. अण्णा केबल गुंडाळत मागं सरकत आला आणि पाय सरळ त्या उघड्या तोंडात गेला. मी ओरडले तेव्हा तो आत होता. शेतातून आलेल्या माणसांनी त्याला वर काढलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. "झाकण कुठं गेलतं?" तो सारखा विचारत होता. झाकण त्याच्या पायाशेजारीच पडलं होतं.

कंत्राटदार घरी बघायला आला. माणूस वाईट नव्हता. सफरचंदं आणली, आईची विचारपूस केली. जाताना दारात मला म्हणाला, "अण्णाला आता घरीच राहू दे. मशीन तू घे." तो हळूच बोलला, पण आमच्या घराच्या भिंती त्या मानानं पातळ आहेत.

दुसऱ्या दिवशी अण्णानं एका हातानं मशीनची पेटी मांडीवर ओढली. तार बसते ती खाच कापसाच्या काडीनं साफ केली. आरसा पुसला, झाकण लावलं, पेटी माझ्याकडं सरकवली. "खाच रोज पुसत जा," म्हणाला. "धूळ बसली की सांधा तिरका येतोय."

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नजर कडेकडून आटत गेली. आधी ताटाएवढं दिसायचं, मग वाटीएवढं. सरकारी दवाखान्यातून पांढरी काठी मिळाली, ती त्यानं कपाटामागं टाकली. सुरुवातीला मी कामावर असताना त्याचा फोन यायचा. "किती लॉस आला?" मी आकडा सांगायची. जास्त असला तर तोडून परत जोडायला लावायचा. मग फोन कमी झाले, मग बंद झाले. मी स्वतःहून आकडा सांगायला लागले की तो म्हणायचा, "मला काय करायचंय?"

आई त्याच्यासमोर बसून विड्या वळायची, सूप मांडीवर घेऊन. एक दिवस तिनं नेहमीसारखं सुरू केलं, मीच वाट लावली लेकराची. आधी अण्णा समजूत काढायचा. त्या दिवशी म्हणाला, "व्हय, लावली. तुझ्या बापानं आन् आमच्या आज्जीनं घरातलं घरात जुळवलं. आमच्या डोळ्यांचा कुणी इचार केला न्हाय." आईचे हात थांबले. ती उठली आणि सूप घेऊन आतल्या खोलीत गेली. तेव्हापासून ती तिथंच बसते. त्याला वेळेवर जेवायला वाढते, त्याचे कपडे धुते, पण समोर बसत नाही. त्यानं माफी मागितली नाही आणि मीही मागायला लावली नाही. तो बोलला ते खोटं नव्हतं, आणि आईचा त्यात दोषही नव्हता.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी मी निघायच्या गडबडीत होते. अण्णा अंथरुणावर बसून चेहरा इकडं-तिकडं फिरवत होता.

"खिडकी उघडी हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय की. ऊन आलंय सगळं."

"उजेड हाय ते कळतंय," तो म्हणाला. "पण कुठनं येतोय ते कळंना."

आतून आई आली. तिनं त्याचा हात धरला आणि खिडकीच्या गजावर नेऊन ठेवला. तो गज धरून उभा राहिला. ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं आणि त्याचे डोळे सताड उघडे होते. कितीतरी महिन्यांनी आई त्याच्याजवळ उभी होती. 

माझा फोन वाजला. बेळगुंदीच्या बाजूला केबल तुटली होती. मी गेले. शेताच्या बांधावर बसून तारा सोलल्या, पुसल्या, जोडल्या. डोळे भरून आले की थांबायचं, कारण ओल्या बोटांनी काच धरता येत नाही. त्या दिवशी फार वेळा थांबावं लागलं.

घरी आले तेव्हा अण्णा जेवून आडवा झाला होता.

"कुठं तुटली होती?" त्यानं विचारलं. कितीतरी दिवसांनी विचारलं.

"बेळगुंदीच्या अलीकडं. ओढ्याच्या पुलाजवळ."

"तिथं केबलीचा पाईप वर आलाय," तो म्हणाला. "मातीच न्हाय त्याच्यावर. मी सांगितलं होतं त्यांना." आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

मी आत जाऊन आईशेजारी बसले आणि तिनं माझ्यापुढं ताट सरकवलं.